सुरयांच्या गावात मी कावळे नेले

पक्षी दाखवायला काढलेल्या सहलीत मी कावळे नेले. ते आपोआप माझ्या मागे आले असं नाही. मी त्यांना बोलावलं, त्यांच्या आवडीचं खायला घातलं, आणि ते आले तेव्हा स्वतःवर खूश होऊन निवांत झोपलेसुद्धा. आता सत्तरी ओलांडल्यावर वाटतं, माझ्यातल्या त्या बाईला तिकिटं काढायला बसवलं होतं तेवढंच ठीक होतं. तिला समुद्रकिनारी मोकळी सोडायला नको होती.

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी संपादकांनी विषय दिला तो असा भारदस्त: 'अपरिचित किनारी गावांतील पक्षी-पर्यटनाच्या संधी.' मी म्हटलं, "बाबू, रायपूरहून समुद्र एका रात्रीच्या गाडीवर आहे. इथं बसून कोणती संधी लिहू?" तर म्हणाले, "आजी, ते सुरू तुम्हीच तर केलं ना." सुरू मी केलं हे खरं. बिघडवलंही मीच, ते त्यांना माहीत नाही.

रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीतून मी अर्धं आयुष्य सहली काढल्या. नवरा रेल्वेत होता, त्यामुळे लोकांना वाटायचं गाड्या आमच्या अंगणातूनच सुटतात. सहल म्हणजे तिकीट आणि हॉटेल, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. सहल म्हणजे मुख्यतः गुडघे. कोणाला वरच्या बर्थवर चढता येत नाही, कोणाला खाली बसून उठता येत नाही, आणि कोणाला खुर्चीसारख्या संडासावर बसलं की काही सुचत नाही. हे सगळं डोक्यात ठेवून जी बाई माणसं गाडीत नीट बसवते आणि तेवढीच परत आणते, तिला सहल काढता येते असं समजावं. मला ते यायचं. त्याचा मला फार गर्व होता, आणि गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणायचं नाही हा माझा धर्म होता. त्या धर्मानेच घात केला.

आमचं नेहमीचं ठिकाण पुरी. दर्शन, समुद्र, सूर्यमंदिर, परत. एकदा पुरीहून पुढे बसने जाताना बूढापाऱ्याच्या शकूमावशीचं पोट बिघडलं आणि बस एका गावाशी थांबवावी लागली. म्हणजे त्या गावाचा शोध शकूमावशीच्या पोटाने लावला. गावात पक्का संडास एकच, तो सबिता नावाच्या बाईच्या घरी. पर्यटनाची पहिली संधी म्हणतात ती हीच. संपादकांनी हे वाक्य कापू नये.

मावशी आत, आम्ही बाहेर. एका बाजूला खारं सरोवर, दुसऱ्या बाजूला सुरूचं बन, मध्ये मासोळी वाळत घातलेली. पलीकडे एक अरुंद खाडी, तिच्या पल्याड वाळूचा लांब पट्टा, आणि त्यामागे समुद्र. त्या वाळूवर पांढरं काहीतरी हजारांनी उठत होतं आणि बसत होतं. मी विचारलं, "ये क्या है?" सबिता म्हणाली, "चिड़िया, मौसी. दूर दूर से लोग आता है फोटो लेने." मी तोवर पक्षी म्हणजे पोपट, चिमणी आणि बूढा तालाबावरचे बगळे एवढंच जाणत होते. तरी घरी पोचेपर्यंत माझ्या डोक्यात नवी सहल तयार होती. नवऱ्याला म्हटलं, "मी आता पक्षी दाखवणार." तो पेपरातून मान न काढता म्हणाला, "पक्ष्यांले विचारलं काय?"

पक्ष्यांच्या सहलीची गंमत बाकीच्या सहलींच्या अगदी उलट आहे, हे मला धंद्यात पडल्यावर कळलं. देवळाची सहल असली की देऊळ जाग्यावर सापडतं. इथं पॉइंटच उडून जाते. तुम्ही गिऱ्हाइकाला 'कदाचित' विकत असता. पहाटे उठायचं, बोलायचं नाही, भडक लुगडी नाहीत, आणि भरती-ओहोटी पाहून चहा. रायपूरच्या मराठी माणसाला यातलं एकही जमत नाही. पहिल्या तुकडीतल्या एकीने दुर्बीण म्हणून नाटकाला नेतात ती इवलीशी मोत्याची दुर्बीण आणली होती. एक गृहस्थ दर पाच मिनिटांनी विचारायचे, "हा गोड्या पाण्यातला की खाऱ्या पाण्यातला?" जणू जेवायलाच घेणार. तरी त्यांना मजा आली. काहून आली हे मला आजही नीट सांगता येत नाही. मोठी माणसं इतकी गप्प बसलेली मी दुसऱ्या कुठल्याच सहलीत पाहिली नव्हती.

हिवाळ्यात तिथं परदेशी बदकं आणि लांब चोचीचे पाणपक्षी येतात. ते होळीनंतर निघून जातात आणि मग वाळूवर सुरय अंडी घालतात. सुरय म्हणजे मुठीत मावेल एवढा पांढरा पक्षी, डोक्यावर काळी टोपी, चोच पिवळी. तो पाण्यावर एकाच जागी पंख मारत थांबतो आणि कोणी वरून सोडून दिल्यासारखा खाली येतो. घरटं म्हणून काही नाही. वाळूत बोटाने खड्डा करावा तेवढंच, त्यात वाळूच्याच रंगाची ठिपक्यांची अंडी. गावाला त्याची फार कदर. जिथं सुरय सूर मारते तिथं बारीक मासोळी असते, म्हणून तिथं जाळं. शिवाय सबिताच्या घरी चार पाहुणे येऊ लागले ते याच पक्ष्यामुळे.

सबिताने मला पहिल्याच दिवशी नियम सांगितला होता. "मौसी, उस पार खाने का चीज नहीं जाएगा. एक दाना भी नहीं." मासोळी फक्त गावाकडच्या काठावर वाळवायची, माशांची आतडी गावातच पुरायची, कुत्रं बांधायचं. कावळ्यांचं पोट अल्याड भरलं की ते खाडी ओलांडत नाहीत, असा गावातल्या बायांचा हिशोब. कावळ्यांना एकदा ती वाळू कळली की अंडी कळतात. हा नियम मी दर सहलीला गाडीतच सगळ्यांना सुनवायचे, बोट वर करून, मास्तरणीसारखी.

त्या वर्षी चैत्रातल्या सहलीत वामनराव होते. तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, सडपातळ, गळ्यात तुळशीची माळ, ऊन असो नसो हातात काळी छत्री. बायको कुसुमताई वर्षापूर्वी गेलेली. गाडीत ते कोणाशी फार बोलले नाहीत. गावात पोचलो त्या संध्याकाळी माझ्याजवळ येऊन म्हणाले, "ताई, उद्या कुसुमचं वर्षश्राद्ध आहे. पोरानं घरी भटजी बोलावले आहेत, तिकडचं तो करते. मले फक्त एक पान ठेवायचं होतं."

"मग सहलीले काहून आले तुम्ही?"

"तिले समुद्र दाखवीन म्हटलं होतं. म्हणतच राहिलो." मग म्हणाले, "दहाव्याले कावळा शिवला नाही, ताई. महादेव घाटावर दुपारपर्यंत बसलो. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला."

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. गेलेल्या माणसाच्या नावाने ठेवलेल्या भाताला कावळा शिवला की ते माणूस तृप्त झालं असं आपण मानतो. नाही शिवला तर काहीतरी मनात राहिलंय. वामनरावांना काय राहिलंय ते माहीत होतं, आणि वर्षभर ते त्याच्याखाली वाकून चालत होते.

दुसऱ्या दिवशी मी सबिताच्या चुलीवर वरण-भात, खीर, वडे केले. केळीच्या पानावर घास वाढून तो तिच्या अंगणाच्या भिंतीवर ठेवला. कावळे तिथं भरपूर, पण ते सगळे वाळत्या मासोळीवर. एक उठून आला, पानाभोवती पाहुण्यासारखा फिरला आणि परत मासोळीवर जाऊन बसला. ज्या कावळ्याला सकाळ-संध्याकाळ ताजा मासा मिळते तो तुमच्या वरण-भाताकडे कशाला पाहील?

वामनराव हात जोडून उभे. शकूमावशी प्रत्येक सहलीला यायचीच. ती बाजूने सुचवू लागली. "तिले सांगा ना, नातवाचं लग्न धूमधडाक्यात करतो म्हणून."

"सांगितलं."

"सुनेले बोलणार नाही म्हणा."

"तेबी म्हटलं."

"घर नातवाच्या नावानं करतो म्हणा."

"मावशी, तिले घर नाही पाहिजे." वामनराव पहिल्यांदा जरा तोडून बोलले. मग माझ्याकडे वळले. "इथं मासोळीचा वास किती आहे. तिकडं वाळूवर ठेवू काय, समुद्राच्या तोंडाशी? तिले दिसेल तरी."

इथं शहाण्या बाईने सबिताला विचारलं असतं. मी पंचावन्नची होते, स्वतःला गरजेपेक्षा हुशार समजत होते, आणि समोर गिऱ्हाईक रडायच्या बेतात होतं. सबिता बाजाराला गेली होती. ओहोटी होती, खाडी गुडघाभर पाण्यातून चालत ओलांडता येते. मी म्हटलं, "चला." त्यांनी नियम आठवून विचारलं, "चालेल ना?" मी म्हटलं, "एक घास आहे. आपण लगेच उचलून आणू." आणि निघताना माझी खरी हुशारी सुचली. कावळा भाताला शिवत नाही, तर कशाला शिवते ते तर डोळ्यांसमोर वाळत होतं. वामनराव पुढे गेल्यावर मी मूठभर सुकी मासोळी पदरात बांधली. आयुष्यात पहिल्यांदा मासोळीला हात लावला, तोही कोणाच्या श्राद्धासाठी.

पल्याड आम्ही सुरयांच्या वस्तीपासून बरेच अलीकडे थांबलो. वामनरावांनी समुद्राकडे तोंड करून डोळे मिटले, तेवढ्यात मी भाताखाली मासोळी सारली. उरलेली चार पानाभोवती टाकली. कावळे गावाच्या काठावरून बघतच होते. एक आला, मग दोन, मग किती ते मी पाहिलं नाही. पहिल्याने भातात चोच खुपसली. वामनरावांनी डोळे उघडले आणि वाळूत खालीच बसले. त्यांचे खांदे हलत होते. मी दुसरीकडे पाहिलं, आणि मनात स्वतःची पाठ थोपटली. पान उचलून आणलं. त्या रात्री मी जी घोरले, शकूमावशीने सकाळी तक्रार केली.

त्या सकाळी आम्ही खाडीच्या काठी दुर्बिणी लावून उभे राहिलो. पल्याड सुरय नुसत्या ओरडत उडत होत्या, बसत नव्हत्या. खाली वाळूवर काळं काहीतरी ऐटीत चालत होतं. शकूमावशी तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "अगं बाई, हे तर कावळे. कावळे पाहायले एवढ्या दूर आणलं काय हिनं?"

सबिता माझ्या शेजारीच उभी होती. ती पाण्यात उतरून पलीकडे गेली, वस्तीच्या कडेकडेने फिरून आली. तिने आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं. तिने फक्त विचारलं, "मौसी, उस पार खाना कौन ले गया?"

मी पदर सारखा केला. वामनराव पुढे आले. "मैं ले गया, बेटी. पत्नी के नाम का था."

सबिता म्हणाली, "अंडा सब खा गया, दादा. इधर का सब. उधर थोड़ा बाकी है."

मासोळीचं मी तेव्हाही बोलले नाही. साधा भात कावळ्यांनी तिथं खाल्ला असता आणि विसरले असते, की मासोळीच्या चवीने ते पुढे गेले, हे मला माहीत नाही. मला जे वाटतं ते वाटतं. पण त्या क्षणी एक म्हातारा माणूस माझं ओझं घेऊन उभा होता आणि मी त्याच्या छत्रीआड लपले होते.

दुपारी परतीची तयारी सुरू झाली तेव्हा वामनराव बॅग न घेता आले. "ताई, मी येत नाही."

"म्हणजे?"

"सबिता म्हणते, अंडी गेली तर काही पक्षी पुन्हा घालतात. पण कावळे आता येतच राहतील. मी बसतो तिथं."

"अहो, ऊन किती आहे. तुमची तब्येत?"

"कुसुमच्या घासापायी कोणाची पिल्लं गेली, असं घेऊन घरी जाऊ काय मी? मग तो शिवला काय आन् न शिवला काय." छत्री उघडून त्यांनी फट्कन मिटली. "याले कावळे भेतात. सकाळी पाहिलं मी."

असा मी एक माणूस मागे ठेवून रायपूरला उतरले; माझ्या सगळ्या कारकिर्दीत एकदाच. भनपुरीला ट्रान्सपोर्टचं काम करणारा त्यांचा मुलगा दारात येऊन उभा राहिला. "आंटी, पापा को कहाँ छोड़ आईं आप?" मी म्हटलं, समुद्रावर. "क्या कर रहे हैं वहाँ?" कावळे हाकलून राहिले. तो माझ्यावरून नजर काढून माझ्या नवऱ्याकडे वळला. नवरा म्हणाला, "बैठो बेटा, चाय पियो." आणि आत येऊन मला म्हणाला, "आता विचार पक्ष्यांले."

आता संधींचं. संपादकहो, लिहून घ्या. त्या गावात आज चार-पाच घरं पाहुणे ठेवतात. हॉटेल नाही, आणि गावाला ते नकोच आहे. हिवाळ्यात जो जाईल त्याला बदकं दिसतील, पहाटेच्या होडीत गप्प बसता आलं तर. चैत्र-वैशाखात जो जाईल त्याला मात्र एक काम करावं लागतं. खाडीच्या कडेला सबिताने खोपी बांधली आहे, तिथं काळी छत्री घेऊन पाळीने बसायचं आणि कावळा आला की उघडायची-मिटायची. लोक त्यासाठीच येतात, हे मला आधी खरं वाटलं नव्हतं. दुर्बिणीतून पाहून मन भरत नाही, माणसाला काहीतरी राखायला दिलं की तो पुन्हा येतो, एवढं पर्यटनशास्त्र मला त्या खोपीने शिकवलं. पाटी लावून, रस्ता रुंद करून, स्पीकर आणून हे होणार नाही. गावाचं नाव मी लिहीत नाही. पाहिजे त्याने तात्यापाऱ्यात यावं, चहा घ्यावा. त्याचा आवाज किती मोठा आहे ते मी ऐकीन, तो शांत किती वेळ बसू शकतो ते पाहीन, आणि मग सांगीन. माझी नात म्हणते, "आजी, लोकेशन डाल दो ना सीधा." तिला मी अजून सांगितलेलं नाही.

वामनराव आता नाहीत. असते तर हे छापायला त्यांनी हरकत घेतली नसती असं वाटतं. शेवटचं ठाऊक असलेली आम्ही दोघंच होतो.

चैत्रात राहिलेला माणूस ज्येष्ठ लागायला आला तरी परतेना, तेव्हा मी त्यांना आणायला गेले. ओळखू येईनात. उन्हाने काळे ठिक्कर, डोक्याला गमछा, छत्रीवर सुरयांनी वरून सोडलेल्या पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी. त्या पक्ष्यांना शत्रू-मित्र कळत नाही. जवळ जाणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर त्या झेपावतात आणि वरून शेराही मारतात. सबिता मला चहा देताना म्हणाली, "मौसी, दादा को मत ले जाओ. कौवा लोग इसको पहचान गया है." ती माझ्याशी पूर्वीसारखीच बोलली, आणि ते मला फार टोचलं.

वामनरावांनी मला खोपीत नेलं. समोर वाळूत बोट दाखवून म्हणाले, "तो पाहा." मला वाळूच दिसत होती. मग वाळूचा एक चिमूटभर गोळा हलला आणि पळाला. पुन्हा बसला, पुन्हा वाळू. जरा पुढे मोठी झालेली दोन पंख ताणून पाहत होती. त्यातलं एक वाऱ्यावर वीतभर उचललं गेलं, घाबरून खाली आलं, आणि मग पुन्हा उठलं ते खाली आलंच नाही. खाडीवरून वेडंवाकडं उडत गेलं. वामनरावांनी छत्री मांडीवर ठेवली. "झालं," एवढंच म्हणाले.

मला वाटलं आता नाही बोलले तर कधीच नाही. मी म्हटलं, "वामनराव, त्या दिवशी कावळा भाताले नाही आला. मी खाली सुकी मासोळी ठेवली होती. तुम्ही डोळे मिटले तेव्हा. कुसुमताईच्या पानात. तुमच्या माळकरी घरच्या बाईच्या पानात." आणि मान खाली घालून बसले. त्यांनी छत्रीवरची वाळू झटकली. मग अगदी सहज, एखाद्या जेवणाऱ्या पाहुण्याबद्दल बोलावं तसं बोलले:

"मले वास आला होता, ताई. पण कुसुम भंडाऱ्याकडली, तलावाकाठची. माहेरी मासोळीशिवाय तिले घास उतरत नव्हता, आन् आमच्या घरी आल्यापासून तिनं कधी नावबी काढलं नाही. मी म्हटलं, जेवून राहिली आहे, तर जेवू दे."